कॉलेजातून सायकल परत परत चोरीला जातेय? आधी जागेवर काय उरलंय ते बघा

मूळचा परभणी जिल्ह्यातला, चार वर्षं पुण्यात इंजिनिअरिंग केलं. पहिल्या दोन वर्षांत माझ्या दोन सायकली कॉलेजच्या स्टँडवरून गेल्या, रूममेटची एक गेली, म्हणजे पुढचं चाक सोडून बाकी सगळी गेली. त्यानंतर घेतलेली तिसरी आजही माझ्याकडे आहे आणि ती पुढची दोन वर्षं मी त्याच स्टँडवर, त्याच वॉचमन मामांच्या समोर लावत होतो. मधल्या काळात काय बदललं ते सगळं लिहितोय, कारण दरवर्षी ॲडमिशन झाल्या की फर्स्ट इयरची पोरंपोरी नवी सायकल घेऊन येतात, घरच्यांनी कुठून तरी पैसे जमवून घेऊन दिलेली असते, आणि दिवाळीच्या आत कुणाची ना कुणाची जातेच. मग ते पोरगं घरी सांगत नाही, महिनाभर पायी फिरतं. मी पण पहिल्यांदा घरी सांगितलं नव्हतं.

सायकल गेली की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, मोठं लॉक घे. मी घेतलं होतं. तरी दुसरी गेली. कारण पहिली गेली ती वेगळ्या पद्धतीनं आणि दुसरी गेली ती वेगळ्या पद्धतीनं, आणि मी मात्र दोन्ही वेळा नुसता रिकाम्या जागेकडे बघून परत फिरलो, खाली काय पडलंय ते पाहिलंच नाही. नंतर दुसऱ्यांच्या सायकली गेल्यावर मी मुद्दाम जाऊन बघायला लागलो की जागेवर काय उरलंय, आणि तेव्हा लक्षात आलं की त्यावरून जवळजवळ सगळं कळतं.

त्याच्याही आधी, सायकल खरंच चोरीला गेलीय का ते बघा. हे मनापासून सांगतोय, कारण आमच्याकडे अशा निदान तीन-चार सायकली सापडल्या ज्या चोरीला गेल्याच नव्हत्या. कुणीतरी घाईत मागच्या गेटपर्यंत नेऊन तिथंच टाकलेली, कार्यक्रमाचा मांडव घालायचा म्हणून स्टँड रिकामा करताना कामगारांनी उचलून जिमखान्याच्या मागं ठेवलेली, किंवा सुट्टीनंतर धूळ बसलेली बघून ऑफिसनं बेवारस समजून भंगाराच्या ढिगात लावलेली. त्यामुळे पहिल्यांदा सगळी गेटं, दुसऱ्या डिपार्टमेंटचे स्टँड, हॉस्टेलचा जिना, आणि बेवारस सायकली ठेवायची जागा असेल तर ती, एवढं फिरून घ्या. वॉचमन मामांना आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारा. मावशी सकाळी सगळ्यांच्या आधी आलेल्या असतात, त्यांना कुठली सायकल रात्रभर कुठं होती हे माहीत असतं.

आता चोरी झाल्याचं नक्की झालं असेल तर जागेवर या आणि खाली बघा.

काहीच उरलं नाही, ना लॉकचा तुकडा ना काही, असं असेल तर सायकल उचलून नेलीय. माझी पहिली अशीच गेली. सेकंडहँड होती, सिनियरकडून ३,२०० ला घेतलेली, आणि तिला फक्त मागच्या चाकाचं लॉक होतं, ते फ्रेमवरच बसवलेलं असतं ना, खटका दाबला की आऱ्यांमधून सळई जाते ते. ते लॉक चाक फिरू देत नाही एवढंच करतं. सीटला धरून मागचं चाक अधांतरी उचललं की सायकल पुढच्या चाकावर आरामात ढकलत नेता येते, आणि बघणाऱ्याला वाटतं बिचारा पंक्चर काढायला चाललाय. गेटवरचे मामा कशाला अडवतील? तर इथं उपाय मोठं लॉक हा नाहीच, इथं उपाय हा की सायकल जमिनीत गाडलेल्या कशाला तरी बांधलेली पाहिजे. कितीही भारी लॉक असू दे, ते नुसतं चाकाला आणि फ्रेमला लावलं तर सायकल लॉकसकट टेम्पोत जाते.

तुटलेलं लॉक पडलेलं असेल तर ते उचलून ठेवा, टाकू नका, पोलिसांकडे पण दाखवता येतं. कापलेलं टोक बघा. दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं सपाट असेल तर लांब दांड्याचा कटर वापरलाय. तारा एकेक करून विस्कटलेल्या दिसत असतील तर साध्या पक्कडीनं किंवा छोट्या कटरनं थोडी थोडी तोडलीय, म्हणजे चोर तिथं काही मिनिटं आरामात बसला होता, आणि त्याला कुणी हटकलं नाही, म्हणजे तुमची जागा चुकलीय. एका रेषेत चकचकीत कापलेलं असेल तर हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत. माझी दुसरी सायकल अशी लॉक तोडूनच गेली असणार, गिअरची नवीन होती, १३,५०० ची, त्यातले निम्मे मी सुट्टीत मेसमध्ये हिशोबाचं काम करून कमावलेले. केबल लॉक लावलं होतं, चांगलं अंगठ्याएवढं जाड दिसायचं. पण ती जाडी वरच्या प्लास्टिकची असते, आतली तार जेमतेम निम्मी, आणि तीही बारीक तारांची पिळलेली. केबल लॉक हे हेल्मेट अडकवायला, सीट बांधायला, किंवा दुकानात समोर दिसतेय तोवर दोन मिनिटं लावायला ठीक आहे. दिवसभराच्या लेक्चरांना एकट्या केबल लॉकवर सायकल सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो.

लॉक तसंच्या तसं, न तुटता, उघडून पडलेलं असेल तर ते नंबर लॉक असणार किंवा चावी दुसऱ्याची लागली असणार. नंबर लॉकचं गणित समजून घ्या. तीन आकडी असेल तर ००० ते ९९९ असे १,००० नंबर, एका नंबरला २ सेकंद धरले तरी सगळे फिरवून बघायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतात, म्हणजे एक लेक्चर संपायच्या आत काम झालं. चार आकडी असेल तर १०,००० नंबर होतात, ऐकायला भरपूर वाटतात, पण आपण सगळे करतो काय, घाईत शेवटचाच आकडा एक-दोन घरं फिरवतो आणि पळतो. शेजारी सायकल लावणाऱ्यानं दोन-तीन दिवस नुसतं बघितलं तरी पहिले तीन आकडे त्याला पाठ होतात, मग उरले किती, दहा. वर स्वस्त नंबर लॉक ताणून धरून चकत्या फिरवल्या की बोटाला खाच लागल्याचं कळतं, ते वेगळंच. लावायचंच असेल तर सगळ्या चकत्या विस्कटून टाका, आणि नंबर जन्मसाल, ००००, १२३४, गाडीचा नंबर असला काही ठेवू नका.

चावीचं सांगतो. स्वस्त लॉकांच्या चाव्यांचे प्रकारच मोजके असतात त्यामुळे एकाची चावी दुसऱ्याला लागते. आम्ही हॉस्टेलमध्ये एका रविवारी सगळ्यांची लॉकं एकत्र टाकून करून बघितलं होतं, दोन लॉकं एकमेकांच्या चावीनं उघडली. तुम्ही पण करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. अजून एक, गोल नळीसारखी चावी असलेलं जुन्या पद्धतीचं यू-लॉक (यू आकाराच्या जाड लोखंडी कड्याचं लॉक) कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. २००४ साली अमेरिकेत अशी लॉकं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीनं उघडतात हे बाहेर आलं आणि क्रिप्टोनाइट या लॉक बनवणाऱ्या कंपनीला लोकांची लॉकं बदलून द्यावी लागली. चपटी चावी, दोन्ही बाजूंना खाचा किंवा खड्डे असलेली, ती बरी.

आणि शेवटचा प्रकार माझ्या रूममेटचा. पुढचं चाक जागेवर, त्यात यू-लॉक शाबूत, आणि बाकी सायकल गायब. तो तिथं उभा राहून रडकुंडीला आला होता, मला ते दृश्य अजून आठवतं. लॉक चांगलं होतं, २,००० च्या पुढचं, पण लावलं होतं पुढच्या चाकाला आणि स्टँडच्या पट्टीला. चाकाला क्विक रिलीज होतं, म्हणजे खटका उलटा केला की चाक हातात येतं, पाना सुद्धा लागत नाही. त्याची चूक म्हणाल तर मला नाही वाटत. आमच्या स्टँडची रचनाच तशी होती की पुढच्या चाकाशिवाय दुसरं काही बांधताच येत नव्हतं.

यावर जरा सविस्तर बोलू, कारण माझ्या मते खरं दुखणं इथंच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत सायकल स्टँड म्हणजे खाली सिमेंटच्या खाचा नाहीतर लोखंडी पट्ट्यांच्या फटी, त्यात पुढचं चाक घुसवायचं. ही रचना सायकल उभी राहावी म्हणून केलेली आहे, साध्या दणकट सायकलींच्या काळातली, चाक नटबोल्टनं आवळलेलं आणि सायकल उचलायची म्हणजे दम लागायचा. आता हलक्या सायकली आल्या, चाकं खटक्यानं निघतात, गिअरच्या सायकलला बऱ्याचदा स्वतःचा स्टँड नसतो म्हणून ती त्या फटीत वाकडी होऊन रिम पण वाकते. फ्रेम बांधायला लागतो जमिनीत पक्का बसवलेला पाइप, साधारण मांडीच्या उंचीचा, उलट्या यू सारखा वाकवलेला. बस एवढंच. एका पाइपला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात. इंग्लंडमध्ये याला शेफिल्ड स्टँड म्हणतात पण आपल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला चित्र काढून दाखवलं तरी तो करून देईल, त्यात काही शास्त्र नाही, फक्त पाय काँक्रीटमध्ये गाडलेले पाहिजेत, फरशीवर चार बोल्टनं बसवला तर पान्यानं निघतो.

आम्ही हे मागितलं कसं ते सांगतो. नुसतं तोंडी सांगून वर्षभर काही झालं नाही. मग आम्ही एका वर्षात गेलेल्या सायकलींची यादी केली, तारीख, वेळ, कुठून गेली, काय उरलं होतं, असं एका कागदावर, खाली सह्या घेतल्या, आणि प्राचार्यांच्या नावानं अर्ज आवक-जावकला देऊन त्याच्या झेरॉक्सवर पोच घेतली. यादी बघितल्यावर वर्कशॉपचे सर स्वतः म्हणाले की पाइप वाकवायचं काम वर्कशॉपमध्येच होईल. सुरुवातीला सहाच पाइप बसले, बसले ते बरोबर गेटवरच्या केबिनसमोर. त्या सहा पाइपांना लावलेली एकही सायकल मी असेपर्यंत गेली नाही. जिथं इंजिनिअरिंग किंवा आयटीआयचं वर्कशॉप आहे तिथं हे सहज होण्यासारखं आहे. पाइप मिळेपर्यंत तुम्ही काय करायचं, तर कॉलेजात पक्कं काय आहे ते शोधा, कंपाउंडची गजाची जाळी, जिन्याचा कठडा (रस्ता अडणार नाही असा), पाण्याच्या टाकीचा लोखंडी पाय. बारीक झाडाला बांधू नका, झाडाचं पण नुकसान आणि फांदी मोडून सायकल जातेच. सूचनांच्या पाटीचा खांब असेल तर वर बघा, लॉक वरून काढता येतंय का.

लॉक लावायची पद्धत. यू-लॉक घ्या, कड्याची जाडी १३-१४ मिलिमीटर असेल असं, वजन किलोभर तरी भरतं, चिडचिड होईल पण सवय होते. फार मोठ्या आकाराचं घेऊ नका. यू च्या आत जेवढी मोकळी जागा जास्त तेवढं आत पहार नाहीतर जॅक घालून उचकटायला सोपं, म्हणून फ्रेम, चाक आणि पाइप बसून आत हवा राहिली नाही पाहिजे इतपतच. लॉक मागच्या बाजूला लावा, सीटखालच्या दांडीला, मागच्या चाकाला आणि पाइपला मिळून. मागचंच चाक का, तर त्याला चेन, गिअरचे चक्र, सगळं असतं, ते पुढच्यापेक्षा महाग. शेल्डन ब्राउन नावाचे अमेरिकेतले एक नावाजलेले सायकल मेकॅनिक होते, ते तर सांगायचे की यू-लॉक नुसतं मागच्या रिमला आणि पाइपला मिळून लावा, पण अशा ठिकाणी की ते फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत येईल, मग चाक त्या त्रिकोणातून ओढून बाहेर निघूच शकत नाही, फ्रेम आपोआप अडकते. छोट्या लॉकवाल्यांना ही युक्ती फार कामाची आहे. चावीचं भोक खाली तोंड करून ठेवा, आणि लॉक जमिनीला टेकू देऊ नका, जमिनीवर ठेवून हातोडा मारणं सोपं जातं. पुढच्या चाकाला मग ती जुनी केबल वापरा, यू-लॉकमधून ओवून घ्या.

यू-लॉकला पण ग्राइंडर लागतो हे खरं आहे, बॅटरीवरचा ग्राइंडर बहुतेक लॉकं एक-दोन मिनिटांत कापतो. पण त्याचा आवाज आणि ठिणग्या दिवसाढवळ्या कॉलेजात लपत नाहीत. म्हणून तर जागा महत्त्वाची. कोपऱ्यातल्या सावलीत सायकल लावायचा मोह सगळ्यांना होतो, सीट तापत नाही ना, पण जिथं कुणी बघत नाही तिथं चोराला पण सावलीच मिळते. कँटीनसमोर, झेरॉक्सच्या दुकानासमोर, गेटच्या केबिनच्या नजरेत, अशा वर्दळीच्या जागी उन्हात लावा आणि सीटवर रुमाल टाका.

चाकांच्या खटक्यांऐवजी एलन-कीचे (षटकोनी किल्लीनं फिरणारे) बोल्ट बसवून घ्या, सायकलच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांत होतं. सीटची उंची खटक्यानं बदलत असेल तर तिथं पण बोल्ट. बोल्टच्या खड्ड्यात बेअरिंगचा छर्रा बसवून वर मेणबत्तीचं मेण ओतायचं, एलन-की आत जातच नाही, आपल्याला काढायचं तेव्हा टाचणीनं मेण खरवडून घ्यायचं. सीट जायचं प्रमाण आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत वाढायचं, का ते माहीत नाही, पण जुन्या सायकल चेनचा तुकडा जुन्या ट्यूबमध्ये घालून सीटच्या रेल आणि फ्रेममधून जोडून टाकला की ते पण थांबतं. लाइट, घंटी, पंप, बाटली, हे काढून बॅगेत टाकायचं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. पुण्यात जूनपासून लॉकात पाणी जातं, गंज धरतो, चावी अडकते, मग एक दिवस उशीर झालेला असतो, लॉक लागत नाही, आणि आपण म्हणतो एक तास तर आहे, तशीच ठेवू. आमच्या बॅचच्या दोन सायकली अशा तशाच ठेवलेल्या गेल्या. पंधरा दिवसांनी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब चावीच्या भोकात सोडा, चावी आतबाहेर करा. खोबरेल तेल घालू नका, ते थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. दुसरी चावी गावी नको, इथंच रूमवर ठेवा, नाहीतर चावी हरवल्यावर सायकल आठवडाभर एकाच जागी पडून राहते आणि तेवढ्यात तिचे पार्ट जायला लागतात.

तसंच दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी. धूळ बसलेली, हवा गेलेली सायकल म्हणजे मालक इथं नाही अशी पाटीच. तीन-तीन आठवडे गावी जाताना सायकल स्टँडवर सोडू नका. रूमवर न्या, पुढचं चाक काढलं की कॉटखाली किंवा गॅलरीत बसते, रूममालक काकांना आधी विचारा, बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. अगदीच नाही जमलं तर दोघा-तिघांच्या सायकली एकमेकींना उलटसुलट तोंड करून पाइपला मिळून बांधा आणि वॉचमन मामांना नावं, वर्ग आणि परत यायची तारीख लिहून द्या.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, ओळख. एके काळी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि तो भरला की नंबर असलेला बिल्ला मिळायचा, माझ्या आजोबांच्या पेटीत असा एक पितळी बिल्ला अजून आहे. आता सायकलला ना नंबरप्लेट ना आरसी बुक, त्यामुळे ही सायकल तुमचीच हे सिद्ध करायला एकच गोष्ट उरते, फ्रेम नंबर. सायकल उलटी करा, दोन्ही पायडलच्या मध्ये जो आडवा नळा असतो त्याच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. तिथं नसेल तर हॅन्डलखालच्या उभ्या नळ्यावर किंवा मागच्या चाकाच्या नटाजवळ बघा. चिखल पुसा, फोटो काढा, आणि त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या, मोटरसायकलच्या चासी नंबरचा घेतात तसा. बिलावर हा नंबर दुकानदाराकडून लिहून घ्या, खूप वेळा ती जागा कोरीच सोडलेली असते. सायकलचे चारही बाजूंनी फोटो, ओरखडे, स्टिकर सगळं दिसेल असे, बिलाच्या फोटोबरोबर मेलवर टाकून ठेवा, फक्त मोबाइलमध्ये नको, मोबाइल पण हरवतो. आणि एका चिठ्ठीवर नाव आणि घरचा फोन नंबर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटच्या नळ्यात घालून ठेवा. रंग बदलला, स्टिकर काढले, नंबर घासला तरी ती चिठ्ठी आत असते.

एअरटॅग किंवा तसले ट्रॅकर लावावेत का असं सगळे विचारतात. लावा, पण ते काय करतं ते कळू द्या. त्यात जीपीएस नसतो, आजूबाजूने जाणाऱ्या लोकांच्या फोनला ब्लूटूथनं सिग्नल देऊन जागा कळते, त्यामुळे शहरात बऱ्यापैकी चालतं आणि आडबाजूच्या गोदामात नाही. चोराच्या फोनवर अनोळखी ट्रॅकर सोबत फिरतोय असा इशारा पण येऊ शकतो. म्हणून सीटखाली दिसेल असा नको, आत लपवा, आणि लोकेशन दिसलं तरी एकट्यानं तिथं जाऊ नका. सायकल पंधरा हजारांची आहे, तुमचा जीव नाही.

चोरी झालीच तर पहिला तास. गेट आणि वॉचमन झाले की सीसीटीव्ही. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची, हार्डडिस्क भरली की जुनं पुसून नवीन रेकॉर्ड होतं, कुठं आठवड्यात कुठं महिन्यात, म्हणून त्याच दिवशी लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं फुटेज काढून ठेवा. वेळ जितकी नेमकी तितकं बरं, दिवसभराचं फुटेज कुणी बसून बघत नाही. म्हणून सायकल लावली की वेळ दिसेल असा एक फोटो काढायची सवय लावून घ्या, जागा पण कळते.

मग पोलीस. इथं लोक चुकतात म्हणून नीट वाचा. ऑनलाइन गहाळ वस्तूची नोंद करता येते, ती सोपी असते आणि बऱ्याचदा तुम्हाला तेच करायला सांगितलं जातं. पण ती हरवलेल्या वस्तूसाठी आहे. लॉक तोडून नेलेली सायकल हरवलेली नसते, चोरीला गेलेली असते, आणि गहाळ नोंदीवर चोरीचा तपास होत नाही. तक्रारीत चोरी हाच शब्द लिहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, चोरी त्यात कलम ३०३ मध्ये येते, आधी ते जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३७९ होतं. त्यात एक गोष्ट सायकलवाल्यांना थेट लागू होते. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरतात, म्हणजे नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून बिल जपा म्हणतोय. किंमत वाढवून सांगू नका, पण बिल, नंतर बसवलेल्या पार्टची बिलं आणि त्या मॉडेलची आजची किंमत, सगळं सोबत न्या, नाहीतर अंदाजे दोन-तीन हजार असं लिहिलं जातं आणि विषय तिथंच संपतो.

एफआयआर झाली तर तिची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. हद्द आमची नाही म्हणाले तरी झिरो एफआयआर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवता येते. ऑनलाइन माहिती दिली असेल तर ३ दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, ते विसरू नका. घ्यायलाच नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे, शहरात पोलीस उपायुक्तांकडे, पोस्टानं पाठवता येते, पोस्टाची पावती ठेवा. माझ्या दुसऱ्या सायकलच्या वेळी मी एकटाच गेलो होतो आणि हातात काहीच नव्हतं, ना फ्रेम नंबर ना फोटो, बिल गावी. समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं की उद्या आम्ही दहा सायकली पकडल्या तर तुझी कुठली हे कसं सांगशील? मला उत्तर देता आलं नाही. अशा पकडलेल्या सायकली ठाण्याच्या आवारात गंजत पडतात कारण मुद्देमाल परत घ्यायला कुणी कागद घेऊन येतच नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक. पासआउट होणारे सिनियर मे-जूनमध्ये सायकली विकतात, चांगल्या मिळतात, मी पण घेतली होती. पण गेटबाहेर कुणी अनोळखी पोरगा गिअरची सायकल दोन हजारांत देत असेल तर तुमच्यासारख्याच कुणाची तरी ती गेलेली आहे. चोरीची आहे हे कळत असताना, किंवा कळायला पुरेसं कारण असताना घेतली तर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. घेताना साध्या कागदावर लिहून घ्या: विकणाऱ्याचं नाव, वर्ग, फोन, फ्रेम नंबर, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या, आणि त्याच्या आयकार्डचा फोटो. मूळ बिल असेल तर ते पण मागा. फ्रेम नंबर त्याच्यासमोर सायकल उलटी करून स्वतः वाचा, नंबरच्या जागी घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर पैसे खिशात ठेवून परत या.